माझे काटे बाहेर का आहेत

मित्रांनो, आधी मला पाहून हवे तेवढे घाबरून घ्या, म्हणजे मग निवांत बोलता येईल. माझ्या अंगावर लोखंडाचे अकरा काटे आहेत. प्रत्येक काटा तुमच्या करंगळीएवढा. बारावाही होता. माणसांचे दात पडतात, तसा तो पडला असावा.

मी एक जुनी मुसकी आहे. वासराच्या तोंडाला बांधतात, ती. वासरू मोठे होते, चारा खाऊ लागते, तरी त्याची आईच्या दुधाची सवय सुटत नाही. मग त्याच्या नाकावर माझ्यासारखी काटेरी पट्टी चढवतात. मला घालून वासराला गवत खाता येते, पाणी पिता येते. पण ते दुधासाठी आईला भिडले, की काटे गाईला टोचतात आणि ती बाजूला सरकते. आठ-पंधरा दिवसांत वासरू काय ते समजते. एवढेच माझे काम. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकले, कारण मोठ्या माणसांना ते कळायला दोनशे वर्षे लागली, आणि त्यांतले बरेच जण चष्मा लावणारे होते.

माझा जन्म साडेपाचशे वर्षांपूर्वी एका लोहाराच्या भट्टीत झाला. लोहार अबोल होता. त्याच्या वाटणीचे बोलणे त्याच्या बहिणीला मिळाले होते. ती गाई राखत असे. एके सकाळी ती भट्टीपाशी आली आणि म्हणाली, "दादा, ते वासरू एवढं मोठं झालं, तरी काही केल्या ऐकत नाही. दुधाचा थेंब ठेवत नाही माझ्यासाठी. कालवणाला दूध नाही, लोण्याला दूध नाही, आणि वर माझ्याकडे बघून शेपूट हलवतं. तू काहीतरी कर, नाहीतर मी त्यालाच तुझ्या भट्टीवर आणून बसवते."

लोहार म्हणाला, "हं."

हे त्याचे त्या आठवड्यातले मोठे भाषण होते. मग तो दोरी घेऊन गोठ्यात गेला, त्याने वासराचे नाक नीट मोजले, आणि मला घडवायला बसला. बहीण शेजारी बसून बोलत राहिली. तिचे बोलणे आणि त्याचा हातोडा यांत हातोडाच आधी दमला. मित्रांनो, हे ध्यानात ठेवा. ती बाई सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत बोलत असे, आणि सबंध गावात कोणी तिच्या तोंडाला काहीही बांधले नाही. कोणी बांधायला गेला असता, तर तो घरी परत येईपर्यंत बहिरा झाला असता.

मी चाळीस वासरे मोठी केली. बहिणीनंतर तिच्या सुनेने मला वापरले, सुनेनंतर तिच्या लेकीने. शेजारच्या गावाहून मला मागायला माणसे येत. "मुसकी असावी तर अशी," असे म्हणत. मला त्याचा अभिमान वाटे. मग एक दिवस त्या घरातल्या माणसांनी गाई विकल्या आणि मला खुंटीला अडकवून ठेवले. माझा चामड्याचा पट्टा उंदरांनी खाल्ला. पुढे खुंटी पडली, मग भिंत पडली. मी पेंढ्याखाली गेले आणि तिथे तीनशे वर्षे काही घडले नाही. तेवढा भाग मी तुमच्यासाठी गाळते.

दोनशे वर्षांपूर्वी तिथे एक हौशी साहेब आले. त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद होता आणि दुसरे काही काम नव्हते. पेंढा उपसणाऱ्या गड्याने मला बाहेर काढले. साहेबांचे डोळे चमकले.

"हे काय आहे रे?"

"साहेब, ही तर वासरा..."

"थांब, सांगू नकोस. मीच ओळखतो."

माझ्या आयुष्यातला सगळा घोळ या एका वाक्यातून सुरू झाला. साहेबांची अशी समजूत होती, की जुन्या काळची माणसे फार क्रूर असत आणि आपला काळ मात्र सुधारलेला आहे. त्यांच्या काळात तोफा होत्या, लहान मुले खाणीत कामाला जात होती, आणि साहेबांचा स्वतःचा आचारी त्यांना पाहून थरथर कापत असे. पण रानटी ते जुने लोक.

त्यांनी मला घासूनपुसून दिवाणखान्यात नेले आणि एका संगमरवरी बाईच्या मुखड्यावर चढवले. मी सैल पडले. सैल म्हणजे किती? माझ्यात तिचे नाक, हनुवटी, दोन्ही गाल बसून वर एक शाल मावली. तीच शाल कोंबून साहेबांनी मला घट्ट केले आणि पाहुण्यांना सांगितले, "तोंडाळ बायकांना पूर्वी अशी शिक्षा देत."

एक पाहुणी म्हणाली, "पण काटे बाहेरच्या बाजूला आहेत. तिला लागणार कसे?"

साहेब क्षणभरच थांबले. "तिच्याशी बोलायला कुणी जवळ येऊ नये म्हणून," ते म्हणाले. सगळे म्हणाले, "वा!" मित्रांनो, एखाद्या प्रश्नाला उत्तर लगेच मिळाले आणि त्यावर सगळे एकदम 'वा' म्हणाले, तर जरा सावध व्हावे, हे मी त्या दिवशी शिकले.

पुढे साहेबांनी एका चित्रकाराला बोलावले. त्याने माझ्याकडे पाहून एक मोठे चित्र काढले. चौकात रडणारी बाई, भोवती हसणारा जमाव, आणि तिच्या नाजूक नाकावर मी. माझे माप जुळेना, म्हणून त्याने चित्रात मला लहान केले. बाई लांब करण्यापेक्षा ते सोपे होते.

साहेब गेल्यावर चित्र आणि मी, दोघेही एका संग्रहालयात आलो. आम्हाला शेजारी शेजारी ठेवले. माझ्या कार्डावर लिहिले होते, 'या यंत्राचा वापर कसा होई, ते शेजारच्या चित्रात पाहा.' चित्राच्या कार्डावर लिहिले होते, 'चित्रातले यंत्र खरे असल्याचा पुरावा शेजारच्या पेटीत पाहा.' अशा दोन साक्षीदारांना न्यायाधीशाने एकमेकांसकट घरी पाठवले असते. संग्रहालयाने आमच्यावर दिवे सोडले.

मग सर आले. हे आमच्या काळातले, अजून हयात असलेले सर. मध्ययुगाचा इतिहास म्हटले की त्यांचे नाव निघते. अडतीस वर्षांपूर्वी त्यांनी माझ्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. मी माणसाच्या चेहऱ्याला मोठी होते, ही अडचण त्यांच्याही लक्षात आली. त्यावर त्यांनी 'मध्ययुगातील चेहऱ्यांची लांबी' असे एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. त्या काळी माणसांची नाके दीड वीत असावीत, असे त्यांनी सुचवले. आणि काटे बाहेर का, हा प्रश्न त्यांनी सतराव्या तळटीपेत ठेवला. तळटीप अशी होती : 'याविषयी पुढे केव्हातरी.'

खरे सांगते, मला हे सगळे आवडत होते. शाळांच्या सहली येत, मुले किंचाळत, बाई मुलांना म्हणत, "बघा, गप्प बसला नाहीत तर!" खोटी असली तरी कीर्ती होती. गोठ्यात माझ्याकडे पाहून कोणी किंचाळले नव्हते. पण गर्दी पांगली, की मला वाटे, ज्या वासरांना मी मोठे केले त्यांच्यापैकी एखादे इथे आले, तर मला काय नावाने ओळखेल?

सहा वर्षांपूर्वी ताई आली. ती सरांची विद्यार्थिनी. सरांच्या हाताखाली माझ्यावरच प्रबंध लिहिणार होती. आल्या दिवशी ती माझ्यापुढे पाऊण तास नुसती उभी राहिली. मग तिने खिशातून मोजपट्टी काढली आणि आधी माझे माप घेतले, मग स्वतःच्या नाकाचे.

दालनाचे रखवालदार काका तिच्याकडे बघत होते. ताई म्हणाली, "काका, ही माझ्यासारखीला नाही बसणार. माझ्यासारख्या तिघी लागतील."

"ताई, तुमचं नाकच लहान आहे."

"मग कुणाचं मोठं आहे?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "सरांचं आहे. पण एवढं नाही."

ताई तळघरात बसून जुन्या गावपंचायतींचे कागद वाचू लागली. मी ज्या मुलखातली, तिथले शंभर वर्षांचे सगळे भांडण-तंटे त्यात लिहिलेले होते. कुंपण कोणी सरकवले, कोणाची कोंबडी कोणाच्या अंगणात अंडे घालून गेली आणि मग अंडे कोणाचे. एका बाईने गावच्या मुख्याला भोपळा म्हटले होते. पंचांनी तिला सर्वांसमोर शब्द मागे घ्यायला लावले. ती म्हणाली, "तुम्ही भोपळा नाही. भोपळा कामाला येतो." कारकुनाने तेही इमानेइतबारे लिहून ठेवले. शिक्षा म्हणून तिने पंचांच्या अंगणातला पाला झाडला. तोंडाला यंत्र बांधल्याची नोंद शंभर वर्षांत एकही नव्हती. अशा यंत्राचा सर्वांत जुना उल्लेख ताईला सापडला तो हौशी साहेबांच्या रोजनिशीत. त्याआधी काहीच नाही.

म्हणजे मी ते नाही, एवढे तिला कळले. पण मी कोण, हे कळेना. ती रोज येऊन काचेपाशी उभी राही आणि पुटपुटे, "काटे बाहेर का आहेत तुझे?" मी सांगू शकत नव्हते. मुसकी असून तोंड नसणे, यासारखा विनोद नाही.

एका दुपारी ताईबरोबर तिची मावशी आली. मावशीचा गावाबाहेर पंधरा गाईंचा गोठा होता. ती गुडघे दाखवायला शहरात आली होती आणि डॉक्टरची वेळ होईपर्यंत भाचीचे काम बघू म्हणून आत आली. तिने चित्र पाहिले, मला पाहिले, आणि म्हणाली, "अगं, ही मुसकी इथं कशाला ठेवलीय?"

ताई म्हणाली, "काय?"

"मुसकी गं. वासराची. आमच्याकडं प्लास्टिकची आहे, पिवळी. ही चांगली दणकट दिसते. विकतात का?"

"मावशी, तुला नक्की माहितीय?"

"चाळीस वर्षं गाई सांभाळतेय मी. ही नाकावर बसते, काटे बाहेर, वासरू प्यायला गेलं की आई बाजूला होते. आणि ही बाई का रडतेय हिथं? तिचं वासरू हरवलं का?"

ताई मटकन जमिनीवर बसली. काका धावत पाणी घेऊन आले. पाणी ती प्यायली नाही, उठून ग्लास हातात घेऊनच तळघराकडे पळाली. तासाभराने ती एका कागदाचे छायाचित्र घेऊन वर आली. ती एका मेलेल्या बाईच्या घरातल्या सामानाची यादी होती. दोन चरव्या, एक ताकाची रवी, एक काटेरी मुसकी वासराची. हा कागद ताईने आधी सहा वेळा वाचला होता. पण ती बायकांच्या तोंडावरचे यंत्र शोधत होती, म्हणून वासरू तिच्या डोळ्यांसमोरून सहा वेळा निघून गेले होते.

आता अडचण अशी होती. संग्रहालयात मध्ययुगाचे नवे दालन सोमवारी उघडणार होते. मधोमध माझी पेटी, आणि पेटीच्या आत सीलबंद कार्ड. एकदा काच बसली, की पंचवीस वर्षे निघणार नाही. कार्डावर चाळीस शब्द मावत, आणि खाली सरांची सही लागे. ताईच्या प्रबंधावरही सरांचीच सही लागे, आणि तिच्या प्रबंधात आता सरांचा ग्रंथ चुकीचा ठरत होता. सर 'नाही' म्हणाले, तर तिची सहा वर्षे पाण्यात, आणि मी आणखी पंचवीस वर्षे बायकांचा छळ करणारी.

ताईने गुरुवारी सरांना सगळे सांगितले. माझ्या पेटीपुढेच. सर ऐकून घेत होते आणि दर वाक्याला त्यांची मान थोडी थोडी ताठ होत होती.

"यादीत मुसकी आहे. ती हीच, कशावरून?"

"मावशीनं ओळखली, सर."

"मावशी!" सर म्हणाले. "तुझ्या मावशीनं किती शोधनिबंध लिहिलेत?"

"एकही नाही. पण तिनं तीनशे वासरं वाढवलीत."

"बरं. माझा ग्रंथ कुणाची मावशी आली म्हणून मी मागे घ्यायचा? अगं, अडतीस वर्षं आहेत ती. पुरावा आण. डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल असा. शनिवारपर्यंत आणलास, तर मी दोन्हीकडे सही करतो. नाहीतर कार्ड जुनंच."

ताई म्हणाली, "मग हिला गोठ्यात नेऊन वासराला घालून बघू."

यावर हातमोजे ओरडला. हातमोजे म्हणजे आमचा संवर्धक, आम्हा वस्तूंचा डॉक्टर. तो चहासुद्धा हातमोजे घालून पीत असे, म्हणून त्याला हे नाव. "वस्तू इमारतीबाहेर जाणार नाही! नियमच आहे!"

ताईने मोबाईल काढला. "मावशी, एक काम होतं. वस्तू बाहेर येऊ शकत नाही म्हणतात."

मावशीचा आवाज एवढा मोठा होता की आम्हा सर्वांना ऐकू आला. "मग वासराला आणते."

शनिवारी सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. काकांनी मावशी आणि वासरू या दोघांना अडवले. आडदांड, तांबडे, सात महिन्यांचे वासरू. मावशी त्याला दांडगोबा म्हणत होती.

"असं आत नेता येणार नाही बाई."

"का? कुठं लिहिलंय?"

काकांनी नियमांची पाटी वाचली. खाऊ आणू नये, छत्र्या बाहेर ठेवाव्यात, कुत्री-मांजरे आणू नयेत. वासराविषयी पाटीचे काही म्हणणे नव्हते. काकांनी ती खालून वरही वाचून पाहिली. मग त्यांनी विचारले, "वय किती?"

"सात महिने."

"पाच वर्षांखालच्यांना मोफत आहे," काका म्हणाले आणि बाजूला झाले. काका नियमाचे फार पक्के.

मला सामान उतरवायच्या मागच्या खोलीत आणले होते. हातमोज्याने मला दोन्ही हातांत धरले होते, जसे नवजात बाळ धरतात, अकरा काट्यांचे. प्रत्येक काट्यावर त्याने स्पंजाची एकेक गोळी खोचली होती.

मावशी म्हणाली, "गोळ्या कशाला? मग टोचणार काय?"

"टोचायचं नाहीच आहे! फक्त माप बघायचं. चाळीस सेकंद. मी मोजणार."

सर एका लाकडी खोक्याशेजारी, हाताची घडी घालून उभे होते. पांढरा शर्ट, खिशात पेन, चेहऱ्यावर अडतीस वर्षे. ताईकडे ते बघत नव्हते. ताई दांडगोबाचे कान धरून उभी होती.

चामड्याचा पट्टा नव्हता, म्हणून हातमोज्याने सुती फीत लावली. आणि मग मित्रांनो, मी चढले.

काय सांगू! शाल नको, कापूस नको, कोंबाकोंबी नको. एका बाजूने नाक आत आले आणि मी टक्कन माझ्या जागी बसले. लोहाराने दोरीने मोजलेले माप साडेपाचशे वर्षांनी जसेच्या तसे निघाले. गरम, ओला, गवताचा वास असलेला श्वास माझ्यातून गेला. मला घाम फुटला असे मला वाटले. ती लाळ होती.

हातमोजे मोजायचेच विसरला.

मग सर म्हणाले, "बसते. मान्य. पण बसली म्हणजे वापरलीच असं नाही. माझ्या बायकोच्या फुलदाणीत माझी छत्रीही बसते. आणि काटे बाहेर का, हे..."

ते पुढे काय म्हणणार होते, ते इतिहासाला कळले नाही. दांडगोबाने मान झटकली. स्पंजाच्या नऊ गोळ्या खोलीभर उडाल्या. दोन त्याने खाल्ल्या. सकाळपासून त्याला प्यायला मिळाले नव्हते, आणि समोर पांढऱ्या शर्टात काहीतरी मोठे, मऊ आणि गप्प उभे होते. वासरू दूध उतरावे म्हणून आईच्या कासेला ढुशी मारते, हे तुम्ही पाहिले असेल. दांडगोबाने तशी ढुशी सरांच्या पोटाला मारली.

"आई गं!" सर ओरडले आणि दोन पावले मागे सरले.

दांडगोबाने पुन्हा ढुशी मारली.

"आई गं!" सर पुन्हा दोन पावले मागे. आता पाठीशी भिंत होती. त्यांनी दोन्ही हात वर केले होते.

मावशी शांतपणे म्हणाली, "बघा साहेब. गाय असंच करते. फक्त ओरडत नाही."

इतक्या वर्षांत माझे काटे लागल्यावर 'आई गं' म्हणणारे सर पहिलेच. त्याआधी ज्यांना ज्यांना लागले, त्या स्वतःच आई होत्या.

ताईने दांडगोबाला मागे ओढले. हातमोज्याने मला सोडवून उराशी धरले, आणि त्यालाही टोचले, पण त्याची दखल कोणी घेतली नाही. सर भिंतीला टेकून उभे होते. शर्टावर चार बारीक लाल ठिपके उमटले होते. ते त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. मला वाटले, आता संपले. पोटात काटे घुसलेला माणूस सही करत नाही.

"सर, लागलं का? डॉक्टरकडे..."

"थांब," सर म्हणाले. "थांब जरा." ते सावकाश खोक्यावर बसले. "बाहेर," ते स्वतःशीच म्हणाले. "बाहेरच असायला हवेत. आत असते तर वासरालाच लागलं असतं. ते कशाला कुणी करेल?" मग ते हसायला लागले, पोट धरून, आणि पोट धरल्यावर पुन्हा 'आई गं' म्हणाले. "अगं, ती सतरावी तळटीप! दर वर्षी म्हणायचो, यंदा लिहू. दर वर्षी दुसरं काहीतरी काम निघायचं. मला माहीत होतं की मला माहीत नाही."

त्यांनी मोबाईल काढून घरी फोन लावला. "ऐक. ते पुस्तक छापून आलं तेव्हा तू विचारलं होतंस ना, अहो एवढं मोठं नाक कुणाचं? हो. वासराचं होतं. तुझं बरोबर होतं."

पलीकडून स्पष्ट आवाज आला, "अडतीस वर्षांपूर्वीचं आज कबूल करताय. त्यानंतरचीही काढून ठेवा. मी वही घेऊन बसते."

फोन ठेवून सरांनी खिशातले पेन काढले. प्रबंधावर सही केली. मग कार्डाचा कोरा कागद ताईपुढे सरकवला. "तू लिही. मी खाली सही करतो. पण एक अट आहे. जुनी कार्डं फेकायची नाहीत. साहेबांचं, संग्रहालयाचं, माझं, सगळी ओळीनं लाव. चित्रही राहू दे. त्या-त्या काळाला काय वाटलं, तोही इतिहासच आहे. माझं जरा मोठ्या अक्षरात लाव. निदान माझी चूक तरी लोकांना नीट वाचता येऊ दे."

ताईने मान हलवली आणि दांडगोबाच्या मानेत तोंड खुपसले. मावशी म्हणाली, "झालं ना काम? मग याला दूध पाजायला घेऊन जाते. आणि साहेब, ते इंजेक्शन घ्या. धनुर्वाताचं. लोखंड जुनं आहे."

सोमवारी दालन उघडले. सरांनी भाषणात सारी हकिकत सांगितली आणि शर्टावरचे ठिपकेही दाखवले. शर्ट त्यांनी मुद्दाम धुतला नव्हता. कोणी म्हणाले होते, की छळाचे यंत्र बघायला लोक येतात, वासराची मुसकी बघायला कोण येणार? येतात, मित्रांनो. आता किंचाळत नाहीत. आता आधी चित्र पाहतात, मग साहेबांचे कार्ड, मग सरांचे, मग ताईचे. आणि मग हळूच स्वतःचे नाक चाचपतात. तेवढ्यासाठी मी उभा जन्म थांबायला तयार होते.

तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. आम्हा जुन्या वस्तूंना गंजू देऊ नका, अंधारात टाकू नका, हे तर सगळेच सांगतात. पण आम्हाला बघून लगेच 'मीच ओळखतो' म्हणू नका. जुनी माणसे क्रूर होती, किंवा फार भली होती, असे आधीच ठरवून आमच्याकडे आलात, तर आम्हीही तुम्हाला तेच दाखवू, कारण आम्हाला तोंड नाही. पेंढा उपसणाऱ्या गड्याला वाक्य पूर्ण करू द्या.

परवा एक लहान मुलगी आईबरोबर आली होती. ताईचे कार्ड तिने अक्षर अक्षर लावून वाचले. मग ती म्हणाली, "आई, म्हणजे हिनं बायकांना काहीच केलं नाही?"

"नाही गं. बिचारीवर उगाच आळ आला."

"पण गाईला तर टोचायचं ना?"

आईने माझ्याकडे पाहिले. "हो. टोचत असेल."

"मग गाय काय करायची?"

आईला ते माहीत नव्हते. ताईला नाही, सरांनाही नाही. ते कोणत्याही कागदात लिहिलेले नाही. पण मी तिथे होते. मी निर्दोष आहे असे तुम्ही समजू नये, म्हणून सांगते. हो, टोचायचे. गाय दोन पावले मागे सरायची. जरा वेळ तशीच उभी राहायची. मग वळसा घालून मागच्या बाजूने यायची आणि वासराच्या कानामागे चाटत बसायची, कारण माझे काटे तिथपर्यंत पोहोचत नसत. चाळीसच्या चाळीस गाईंनी ती जागा शोधून काढली होती.

चाळीस शब्दांच्या कार्डावर हे मावले नाही. म्हणून तुमच्यापाशी ठेवते. सांभाळा.